कापसाची लाईन आणि पाचवं शील

माझा धाकटा भाऊ विलास याच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते, म्हणजे "असं काही आमच्या लक्षात नाही" असं कोणाला म्हणता येऊ नये. त्याच्या दहावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा. बोर्डाचे फॉर्म भरायची मुदत संपत आली होती. मुख्याध्यापकांनी त्याला ऑफिसात बोलावलं, एक प्रश्न विचारला, त्यानं खरं उत्तर दिलं आणि सोमवारी त्याचा शाळा सोडल्याचा दाखला तयार झाला. त्याच्याबरोबर, त्याच जागी, तीच चिलीम हातात असताना सापडलेल्या दुसऱ्या पोरानं खोटं सांगितलं, आणि त्या पोराचे टॉन्सिल्स वाढले म्हणून त्याला महिनाभर नागपूरला मामाकडं पाठवलं. तो पोरगा मार्चमध्ये परीक्षेला बसला. माझा भाऊ बसला नाही. एवढीच गोष्ट आहे. बाकीचं सगळं हे कसं झालं त्याबद्दल आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आम्ही राहायचो वणीपासून मुकुटबनच्या रस्त्यानं थोडं पुढं, एका गावाच्या बौद्ध वस्तीत. बाबा कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडं होते आणि शिवाय आमचं थोडं रान होतं, त्यात कापूस. बाबांचं अर्धं आयुष्य काळ्यात गेलं आणि अर्धं पांढऱ्यात, असं आई म्हणायची, आणि हे ती कौतुकानं म्हणते की रागानं, ते मला कधी कळलं नाही. खाणीतून आले की ते आधी न्हाणीत जायचे. तिथून येणारं पाणी अंगणातल्या मातीवर काळी रेघ ओढत जायचं, आणि त्या रेघेवरून आम्ही ओळखायचो की बाबा घरी आले.

वेचणी सुरू झाली की कापूस घरात यायचा. नुसता यायचा नाही, घर ताब्यात घ्यायचा. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग, मधल्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत, आणि आम्ही चौघं उरलेल्या जागेत. ज्यांच्या घरी कधी कापूस भरला नाही त्यांना एक गोष्ट माहीत नसते, ती म्हणजे कापसानं भरलेल्या घरात आवाज मरतो. ताट खाली पडलं तरी खणकत नाही. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची तर ती शेजारच्या घरातून आल्यासारखी वाटायची. कोणी रडलं तर बाहेर कळायचं नाही. विलास लहान होता तेव्हा ढिगाऱ्यात गळ्यापर्यंत घुसून बसायचा आणि ओरडायचा, "ताई, मी कुठं हाओ सांग!" त्याचं डोकं समोर दिसत असायचं, पण आवाज कुठून येतो ते कळायचं नाही. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, भाकरीत तंतू निघायचे. आई तो चिमटीनं काढून म्हणायची, "खा, पांढरा केस समजून खा, मी म्हतारी होते तोपर्यंत सवय होईन."

आता माझेच केस पांढरे झाले आहेत, आणि घरी कापूस येत नाही. तरी दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली की माझ्या नाकात खाज येते. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी आहे. असेल.

त्या वर्षांत कापूस घरात जास्त दिवस राहायला लागला. भाव पडलेला, खरेदी केंद्र आज उघडतं उद्या बंद, कधी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला नाही, कधी सरकी काढायच्या जिनात जागा नाही, कधी काहीच कारण नाही, फाटकाला नुसतं कुलूप. आसपासच्या गावांतून बातम्या यायच्या. त्या कशा बातम्या होत्या ते यवतमाळ जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या गावातही एक घर त्यातलं झालं. तेव्हापासून आईनं फवारणीचं औषध घरातून काढलं आणि शेजारच्या शेवंताकाकूच्या कुलुपाच्या पेटीत ठेवलं. शेवंताकाकूनं तिच्या घरचं आमच्याकडं ठेवलं. वस्तीतल्या बायकांचा हा आपसातला करार होता आणि तो कोणी कुठं बोलला नव्हता. बाबा रानात जास्त वेळ थांबले की आई काहीतरी निमित्त काढून मला पाठवायची. "जा वो, बाबाले पाणी देऊन ये." पाणी त्यांच्याजवळ असायचंच. बाबांनाही कळायचं. ते तांब्या घ्यायचे, एक घोट प्यायचे आणि म्हणायचे, "सांग तुह्या मायले, मी हाओ."

म्हणजे वस्तीतली प्रत्येक बाई नवऱ्यावर नजर ठेवून होती. पोरांवर नजर ठेवायला डोळे शिल्लकच नव्हते. पुढं मी संघटनेत काम केलं, शेकडो पोरांशी बोलले, व्यसनावरची भाषणं ऐकली आणि दिली. वाईट संगत, टीव्ही, सिनेमा, संस्कार, सगळी कारणं ऐकली. पण घरातल्या मोठ्यांची सगळी भीती दुसरीकडं खर्च होते तेव्हा पोरांकडं कोण बघतं, हा प्रश्न भाषणात कोणी विचारत नाही.

आता लाईनीचं सांगते. केंद्रावर बैलबंड्या आणि ट्रॅक्टर लाईनीत लागायचे. लाईन फाटकापासून जिनाच्या भिंतीला धरून रस्त्यापर्यंत यायची, आणि जिथं ती संपायची तिथं कोळशाचे ट्रक आपल्या लाईनीत उभे असायचे, चंद्रपूरकडं जाणारे. नियम असा होता की लाईन पुढं सरकताना बंडीजवळ घरचं माणूस पाहिजे. नसलं तर बंडी शेवटी. लाईन कधी सरकेल ते कोणालाच ठाऊक नसायचं, त्यामुळं माणूस सतत पाहिजे. बाबांना खाणीची पाळी, आई आणि मी वेचणीला, शिवाय मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. उरला विलास. सगळ्या घरांचा हाच हिशोब लागला. लाईनीत दिवस काढायला चौदा-पंधरा वर्षांची पोरं बसली. कोणी शाळेचं नाव काढलंच तर उत्तर तयार होतं, "शाळा काय पळून जाते का बे?"

शाळा पळून गेली नाही. शाळेनं पोरालाच हाकललं. पण ते पुढं.

विलास सकाळी भाकर, बेसन आणि कांदा फडक्यात बांधून जायचा. काम म्हणजे बसणं. ट्रकांचा कोळसा उडून कापसावर बसला तर ग्रेड पडतो, म्हणून ताडपत्रीची पाल ओढून धरणं, वाऱ्यानं उडाली की पुन्हा बांधणं, बैलांना पाणी दाखवणं, आणि पुन्हा बसणं. पत्ते खेळून झाले, चिंध्यांच्या बॉलनं क्रिकेट खेळून झालं, एकमेकांच्या मास्तरांच्या नकला करून झाल्या. मग ट्रकांचे क्लीनर येऊन बसू लागले. तेही वाट पाहणारेच, आणि त्यांच्याकडं वाट पाहण्याचं औषध होतं. पुढं एकदा मी विलासला विचारलं, पहिल्यांदा काय वाटलं रे? मला वाटलं तो काही रंगबिरंगी सांगेल. तो म्हणाला, "काई नाई ताई. वेळ गेला. सकाळ होती, तं संध्याकाळ झाली. बस."

हे वाक्य मी पंचवीस भाषणांच्या बदल्यात देते. नीट वाचा. नशेसाठी नाही, मजेसाठी नाही. वेळ जावा म्हणून. ज्या पोरांचा वेळ आपण फुकटचा समजून रस्त्यावर ठेवला होता, त्यांनी तो जाळायची सोय शोधली.

त्यात शहरातली पोरंही यायला लागली. विलासच्या वर्गातला प्रसाद, त्याचे वडील वणीत एका सरकारी कचेरीत मोठ्या खुर्चीवर, आजोबा वकील होते. पोरगा वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. शिकवणीला म्हणून सायकल काढायचा आणि लाईनीत यायचा, कारण त्याच्या घरी त्याला सगळं होतं पण त्याच्याबरोबर बसायला कोणी नव्हतं. त्याला या पोरांच्या शिव्या आवडायच्या, पालीखाली झोपणं आवडायचं. पोरांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं. "ओ साहेब, आज टिफिनात काय आणलं? पोळी का पुरी?" असं विचारून त्याचा डबा आधी खायचे. त्यालाही ते आवडायचं.

घरी काय दिसत होतं? विलासचे डोळे लाल असायचे. आई म्हणायची, कापसाचे डोळे. खरंच जिनाजवळ बसणाऱ्या प्रत्येकाचे डोळे लाल असायचे. गुलाबपाण्याची बाटली आणली, दोन थेंब टाकले, झालं. खोकला यायचा. तंतू गेले असतील. आणि भूक! आठवीपर्यंत दोन भाकरींवर उठणारा पोरगा चार चार खायला लागला. वर गुळाचा खडा, वर उरलेली कढी, वर तव्यावरची करपलेली भाकर. आई ताटाशी बसून बघत राहायची. त्या वर्षात तिच्या तोंडावर जेवढं हसू मी पाहिलं ते सगळं या ताटासमोर पाहिलं. "पोट्टं अंगाले लागून राह्यलं माहं. लाईनीत बसते तं भूक लागणारच." शेवंताकाकूला ती दारातून सांगायची, "आज चार खाल्ल्या वो!" आणि काकू तिकडून म्हणायची, "आमच्या मन्यानं पाच." दोघी हसायच्या. ज्या वर्षी कोणत्याच गोष्टीत वाढ नव्हती, त्या वर्षी पोरं जास्त जेवत होती. आयांना दुसरं काय पाहिजे?

मी तेव्हा कॉलेजातल्या एका संघटनेत होते. आम्ही व्यसनमुक्तीची पत्रकं वाटायचो. पत्रकावर सांगाडा छापलेला, हातात बाटली, खाली जाड अक्षरात 'आजच सावध व्हा'. एक पत्रक मी घरी आणलं तर विलासनं ते उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हा सांगाडा लाईनीत कधी बसला का?" मी त्याच्या डोक्यात टपली मारली. तो हसला नाही.

मला कळलं ते विहारात. दर रविवारी सकाळी वस्तीची वंदना असायची. निळ्या चुन्यानं रंगवलेली एक खोली, पत्रा, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, अगरबत्ती. विलासचा आवाज चांगला होता म्हणून भगत गुरुजी त्यालाच पुढं बसवायचे. गुरुजी निवृत्त मास्तर, पंचशील त्यांनीच आम्हा सगळ्यांना पाठ करून दिलेलं. विलास एकेक शील आधी म्हणायचा आणि सगळी वस्ती त्याच्यामागं. हिंसा करणार नाही. चोरी करणार नाही. कामवासनेचा दुराचार करणार नाही. खोटं बोलणार नाही, मुसावादा वेरमणी. आणि पाचवं, नशेच्या पदार्थांपासून दूर राहीन, सुरामेरय. त्या रविवारी चौथं त्यानं खणखणीत म्हटलं, आणि पाचव्याला त्याला खोकला आला. गुरुजींनी म्हणून टाकलं. पुढच्या रविवारी पुन्हा चौथ्यानंतर खोकला. तिसऱ्या रविवारी खोकलाही नाही. तो नुसता थांबला, मान खाली घालून, आणि लोकांनी सवयीनं पुढचं म्हणून टाकलं.

मी बायकांच्या बाजूला बसले होते, माझ्या तोंडातून पाचवं शील निघत होतं आणि डोळे त्याच्या मानेवर होते. बाहेर आल्यावर मी त्याला विहाराच्या मागं गाठलं.

"काहून थांबते तू पाचव्याले?"

तो चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "चौथं म्हणून झालं असते ना. मंग पाचवं कसं म्हणू?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. खोटं बोलणार नाही असं नुकतंच कबूल केलेल्या तोंडानं त्याला पुढचं खोटं बोलवत नव्हतं. एवढा सरळ पोरगा होता तो. हा सरळपणा त्याला आमच्याच घरानं, आमच्याच विहारानं शिकवला होता, आणि त्याचीच त्याला शिक्षा झाली.

मी त्याच दिवशी आईला सांगितलं. ती भाकर थापत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तव्यावरची भाकर फुगली, करपली, धूर निघाला, तरी तिचा हात हलला नाही. मग एवढंच म्हणाली, "बाबाले नको सांगजो. दोघायवर नजर नाई ठेवता येत मले." त्या दिवसापासून आमच्या घरात दोन माणसं दोन माणसांवर लक्ष ठेवत होती, आणि कापसानं भरलेल्या त्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. विलासनं मला शब्द दिला की परीक्षेपर्यंत सोडतो. तो प्रयत्न करत होता, मला दिसत होतं. रात्री त्याला झोप यायची नाही. चिडायचा, ताट सरकवून उठायचा. आईला आता तो कमी जेवला की बरं वाटायचं आणि जेवला की धडकी भरायची. पण लाईन होतीच. सकाळी भाकर बांधून तो पुन्हा तिथंच जायचा, कारण आमच्याकडं पाठवायला दुसरं कोणी नव्हतं. दारूच्या दुकानात बसवून एखाद्याला दारू सोड म्हणावं, तसं ते होतं.

मग तो शनिवार आला. लाईनीत त्या दिवशी शेवंताकाकूचा मन्या आमची बंडीही आपलीच सांगून बघणार होता, म्हणून विलास शाळेत गेला. मधल्या सुट्टीत प्रसादनं पाण्याच्या टाकीमागं त्याला बोलावलं. प्रसादच्या खिशात गांजा आणि चिलीम होती, दोघांनी ओढली. शिपायानं दोघांना पाहिलं आणि ऑफिसात उभं केलं. मुख्याध्यापकांनी आधी प्रसादला विचारलं. तो म्हणाला, "नाही सर, मी फक्त तिथं उभा होतो." मग विलासला विचारलं. तो म्हणाला, "हो सर. ओढलं. गेल्या साली लाईनीत बसत होतो तेव्हापासून. सोडून राह्यलो." प्रसादचं नाव त्यानं घेतलं नाही. त्याला त्याच्याबद्दल विचारलंच नव्हतं.

तो दप्तर घेऊन घरी आला तेव्हा आई आणि मी अंगणात कापसातला कचरा निवडत होतो. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. आई पहिलं काय बोलली असेल? "बाबाची पाळी कधी सुटते?" आम्हाला भीती पोराची नव्हती, शाळेचीही नव्हती. बाबांची होती. हे एवढं ऐकून ते काय करतील, कुठं जातील. आईनं मला शेवंताकाकूकडं पाठवलं, पेटीचं कुलूप नीट लागलंय का ते पाहायला. मी पाहून आले. दुपारभर आम्ही तिघं कापूस निवडत बसलो. अंगणातल्या त्या जागेकडं माझं लक्ष होतं, जिथून काळी रेघ येते.

बाबा आले, न्हाणीत गेले, काळं पाणी आलं. बाहेर येऊन बसले तेव्हा आईनं सांगितलं, एका दमात, खाली बघून. बाबांनी पंच्यानं कान पुसले. मग विलासला समोर बसवलं.

"सरनं विचारलं तेव्हा खरं सांगतलं का?"

"हो बाबा."

"सगळं?"

"हो."

"बरं केलं," बाबा म्हणाले. मग आईकडं वळून, "वाढ. आणि उद्यापासून लाईनीत मी बसतो. पाळी गेली तं गेली." आई उठली. चुलीपाशी गेल्यावर ती रडली असावी, पण घर कापसानं भरलेलं होतं. मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. विलासला यायचं नव्हतं. आईनं हाताला धरून आणलं आणि पुढं नाही, भिंतीपाशी बसवलं. गुरुजींनी स्वतः शील द्यायला सुरुवात केली. चौथं झालं. गुरुजींनी पाचव्यासाठी श्वास घेतला आणि आई बोलली.

"थांबा गुरुजी."

"बाई, वंदनेच्या मधात बोलत नाहीत."

"मंग कुठं बोलू? लाईनीत?" आई उभी राहिली. तिनं पदर दोन्ही मुठींत धरला. "माह्या पोराच्यानं पाचवं म्हणवत नाई. तो गांजा ओढते. मीच त्याले तिथं बसवलं, तुमी तुमचे बसवले. तो म्हणत नाई तोपर्यंत मी म्हणणार नाई."

शेवंताकाकू ताडकन म्हणाली, "तुह्या पोराचं तू पाह्य बाप्पा! आमच्या पोट्ट्यायले कायले मधात ओढते?"

आई तिच्याकडं वळली. राग नव्हता तिच्या आवाजात, आणि म्हणूनच ते भयंकर वाटलं. "शेवंता, तुहा मन्या आजकाल किती भाकरी खाते?"

काकूची मान भिंतीपाशी बसलेल्या मन्याकडं वळली. मी तिच्या चेहऱ्यावरून ती भाकरींची सगळी संभाषणं जाताना पाहिली. चार. पाच. अंगाले लागून राह्यलं. मग तिच्या मागची बाई आपल्या पोराकडं वळली. मग तिच्या पलीकडची. एकेक मान वळत गेली. भिंतीला टेकून बसलेली पोरं जमिनीकडं बघत होती, आणि त्यांतल्या एकानंही "नाही" म्हटलं नाही. नुकतंच चौथं म्हणून झालं होतं. निळ्या चुन्याच्या त्या खोलीत एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती, आणि तिथं तर कापूसही नव्हता.

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला. म्हणाले, "पाचवं राहू द्या आज. आधी केंद्रावर जाऊ."

आणि गेलो. तीस-चाळीस बायका, मागं गुरुजी आणि चार पुरुष. केंद्राच्या माणसानं आधी फाटकाआडून टोलवाटोलवी केली, मग बायकांची संख्या पाहून त्याला नियमात वाट सापडली. बंडीच्या चाकावर खडूनं नंबर टाकायचा, दोन मोठ्या माणसांनी पाळीपाळीनं सगळ्या लाईनीवर लक्ष ठेवायचं, बाकीच्यांनी घरी जायचं. एका खडूनं झालं. दोन हंगाम आमची पोरं ज्या लाईनीत जळाली, ती एका खडूच्या कांडीनं सुटत होती, आणि कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण पोरांचा वेळ कोणाच्याच हिशोबात धरलेला नव्हता.

मला वाटलं, हे झालं म्हणजे शाळाही होईल. सोमवारी आई, मी आणि गुरुजी शाळेत गेलो. दाखला टेबलावर तयार होता. मुख्याध्यापक खेकसले वगैरे नाहीत. खुर्ची दिली, चहा विचारला. म्हणाले, "मुलगा हुशार आहे, मला वाईट वाटतं. पण त्यानं स्वतः कबूल केलं, माझा नाइलाज झाला."

"आणि तो दुसरा पोरगा?" मी विचारलं.

"त्याच्याविरुद्ध काही पुरावा नाही. त्याची तब्येत ठीक नाही, तो रजेवर आहे."

गुरुजींनी फॉर्मबद्दल विनंती केली, एवढी परीक्षा होऊ द्या, पोरगा सोडतोय, आम्ही हमी घेतो. मुख्याध्यापक म्हणाले, एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. तेव्हा आई, जी तोवर खुर्चीच्या कडेवर बसून होती, ती म्हणाली, "सर, एक विचारू का? खोटं बोलला असता तं ठेवलं असतं का तुमी त्याले?"

त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाहेर घंटा झाली आणि पोरं धावत वर्गात गेली. "बाई, नियम आहे," ते म्हणाले. प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. आजवर कोणी दिलेलं नाही. मी विचारत असते.

विलास त्या मार्चमध्ये परीक्षेला बसला नाही. बाहेरून बस म्हटलं, तर म्हणाला, "पाहू." ते 'पाहू' तसंच राहिलं. गांजा लगेच सुटला नाही. एकदा सुटला, पुन्हा धरला, एका पावसाळ्यात तर आम्ही त्याला शोधत मुकुटबनपर्यंत गेलो. घरी बसलेला, शाळा नसलेला, हातात दाखला असलेला पोरगा पुन्हा कुठं जाणार? ज्यांनी त्याला सोडायला मदत केली असती त्यांनीच त्याला बाहेर काढून दार लावलं होतं. शेवटी सुटला तो वेल्डिंगच्या कामात हात गुंतल्यावर. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, लग्न झालं, पोरगी कॉलेजात आहे. कुठं शिक्षण लिहायची वेळ आली की तो 'नववी पास' सांगतो आणि मग हळूच जोडतो, "दहावीत होतो." रविवारी वंदनेला येतो. पाचवं शील म्हणतो. सगळ्यांच्या जरा मागून म्हणतो, पण म्हणतो.

कापसाची ती लाईन आता नाही. पण पोरं बसलेली मला रोज दिसतात. बसस्टँडच्या मागं, पुलाच्या कठड्यावर, बंद पडलेल्या जिनाच्या भिंतीला टेकून. त्यांच्या घरी आजही कोणीतरी दुसऱ्याच कोणावर नजर ठेवून आहे. आणि शाळा आजही दाखले देतात.

म्हणून तुम्ही, जे हे वाचताय, तुमच्या गावच्या शाळेत या सोमवारी जा. पालक म्हणून जा, समितीचे सभासद म्हणून जा, कोणी नसाल तर नुसते गावकरी म्हणून जा. विचारा की नशेपायी या वर्षी कोणाच्या हातात दाखला दिला. नाव सांगत नाहीत म्हणतील, तर बसून राहा. बसणं काय असतं ते आमच्या पोरांनी दाखवलंय. नाव मिळालं की त्या पोराच्या घरी जा, आणि त्यानं खरं सांगितलं तर त्या खऱ्याची शिक्षा त्याला देऊ नका. त्याला घेऊन शाळेत या. त्याच्या बाकावर त्याला बसवा. फॉर्मवर त्याची सही होईपर्यंत उठू नका.

माझ्या भावासाठी आम्हा तिघांशिवाय कोणी उठून आलं नव्हतं. तुम्ही उठा.